पाळी थांबल्यावर शरीरसंबंध दुखू लागले, तर

वाचकाचे पत्र (थोडक्यात):

माझे वय ५२ आहे. पाळी जाऊन दोन वर्षे झाली. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम आता पुष्कळ कमी झाला आहे, पण त्याच सुमारास सुरू झालेली दुसरी तक्रार वाढतच चालली आहे. शरीरसंबंधाच्या वेळी योनीमध्ये आग होते, कातडी सोलल्यासारखे दुखते, आणि अलीकडे पुसताना रक्ताचा ठिपकाही दिसला. वर्षभरात तीनदा लघवीचा संसर्ग झाला. सुरुवातीला मी काही न बोलता सहन केले. आता मुद्दाम उशिरा झोपायला जाते. पती समजूतदार आहेत, पण परवा त्यांनी विचारले, “तुला माझा कंटाळा आला आहे का?” मला उत्तर देता आले नाही. एका डॉक्टरांना आडून विचारले, तर “या वयात असे व्हायचेच” असे ते म्हणाले. दुसऱ्यांनी आतून लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम लिहून दिले, पण सोबतच्या कागदावर कर्करोगाचा इशारा वाचून मी ते उघडलेच नाही, कारण माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. मला इच्छाही पूर्वीसारखी होत नाही. इच्छा गेली म्हणून दुखते, की दुखते म्हणून इच्छा गेली? आणि या वयात अशा गोष्टीसाठी उपचार मागणे बरे दिसते का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी आधी थांबते, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे आणि नेमके तेच सर्वांत आधी पाहायला हवे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर योनिमार्गातून आलेले कोणतेही रक्त, मग तो एकच ठिपका असो, शरीरसंबंधानंतरचा असो वा एरवीचा, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावेच लागते, आणि तेही येत्या एकदोन आठवड्यांत. अशा दहा स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींमध्ये कारण कर्करोगाचे नसते, आणि तुमची बाकीची लक्षणे पाहता पातळ झालेली त्वचा घर्षणाने सोलवटली असणे हेच अधिक संभवते. तरीही गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा याच खुणेने प्रथम कळतो आणि लवकर कळला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, म्हणून येथे अंदाजावर विसंबून राहू नये. डॉक्टर आतून तपासणी करतील, गर्भाशयमुखाची चाचणी बऱ्याच काळात झाली नसेल तर ती करतील, आणि सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतील. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर सहसा काळजीचे कारण उरत नाही; जास्त असेल किंवा रक्त पुन्हा दिसले, तर अस्तराचा छोटा नमुना काढून तपासणीला पाठवतात. तुमच्याकडे पडून असलेले क्रीम या तपासणीनंतरच सुरू करावे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुम्ही दिलेल्या क्रमावरूनच त्याचे उत्तर मिळते: आधी आग होऊ लागली, मग तुम्ही ती सोसलीत, मग टाळू लागलात, आणि या सगळ्यानंतर इच्छा ओसरली. दुखते म्हणून इच्छा गेली, असेच मी यातून वाचते. ज्या गोष्टीने दर वेळी इजा होते, तिची ओढ मनाला वाटेनाशी होणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे. त्यात तुमच्या प्रेमाचा किंवा स्त्रीपणाचा काही दोष नाही. म्हणून उपचाराचा क्रमही तोच ठेवायला हवा. प्रथम वेदना पूर्ण थांबवायची आणि इच्छेचा विचार त्यानंतर करायचा. उलट क्रमाने, म्हणजे दुखत असतानाच स्वतःवर इच्छा लादून, हा प्रश्न सुटल्याचे मी पाहिलेले नाही.

वेदना कशामुळे होते, ते समजले की बऱ्याच भीती आपोआप गळून पडतात. योनी, योनिमुख, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भाग या सर्वांची त्वचा इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसलेली असते. पाळी चालू असण्याच्या वयात योनीचे आतले अस्तर जाड, घड्या असलेले आणि ताणले जाणारे असते, त्याला भरपूर रक्तपुरवठा असतो, आणि त्याच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची शर्करा साठवलेली असते. या शर्करेवर लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे योनीतील आम्लता, पीएचच्या भाषेत ३.५ ते ४.५ इतकी, टिकून राहते आणि आतड्यांतून येणाऱ्या त्रासदायक जंतूंना तेथे थारा मिळत नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनची पातळी घसरली की अस्तर पातळ होते, घड्या सपाट होतात, ओलावा कमी होतो, पीएच ५ च्या वर जातो, म्हणजे आम्लता कमी होते, आणि उपकारक जंतूंची जागा इतर जंतू घेतात. कोरडेपणा, आग, घर्षणाने सोलवटणे, लघवीची घाई आणि वारंवार होणारा संसर्ग या तुम्हाला वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा हे एकच आहे. म्हणूनच २०१४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञ योनीच्या आणि लघवीच्या या तक्रारी रजोनिवृत्तीशी निगडित एकच विकार म्हणून पाहतात. तुमच्या तीन संसर्गांवर तीनदा प्रतिजैविके दिली गेली असतील, तर त्या वेळी कोणी योनीच्या कोरडेपणाविषयी विचारले होते का, हे आठवून पाहा.

येथे एक फरक ठळकपणे सांगायला हवा, कारण “या वयात असे व्हायचेच” हे उत्तर त्याच्याच अज्ञानातून येते. गरम वाफा आणि रात्रीचा घाम ही लक्षणे काही वर्षांनी, अनेकींमध्ये सात-आठ वर्षांनी, बहुधा ओसरतात. म्हणून त्यांच्याबाबतीत थोडा धीर धरा असे सांगण्याला निदान काही अर्थ असतो. योनीचा कोरडेपणा मात्र उपचाराशिवाय सहसा बरा होत नाही आणि वर्षांगणिक वाढत जातो. रजोनिवृत्ती झालेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांना तो कमीअधिक प्रमाणात होतो, आणि त्यांपैकी बहुतेक जणी त्याविषयी डॉक्टरांकडे कधीच बोलत नाहीत. एखादी गोष्ट वयानुसार अनेकांना होते, एवढ्यावरून तिच्यावर उपचार करू नयेत असे ठरत नाही. वयामुळे नजर कमी झाली तर आपण चष्मा लावतो आणि त्याबद्दल कोणाची परवानगी मागत नाही.

यापुढचे मी आग्रहाने सांगते: वेदना थांबेपर्यंत योनिप्रवेशाचा शरीरसंबंध बंद ठेवा. पतींना वाईट वाटू नये म्हणून दात आवळून सोसणे हे अनेक स्त्रिया कर्तव्य समजून करतात, आणि त्यातून दुखणे दुहेरी होते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती योनी, मूत्रमार्ग आणि गुदद्वार यांना आधार देते. वारंवार वेदना झाली की हे स्नायू पुढच्या वेळी स्पर्श होण्याआधीच घट्ट आवळले जातात, जसे डोळ्यासमोर काही आले की पापणी मिटते तसे, इच्छेला न विचारता. आवळलेल्या स्नायूंमुळे योनिमुख अरुंद होते, घर्षण वाढते, आणखी दुखते, आणि आवळणे आणखी पक्के होते. मग पुढे त्वचा उपचारांनी सुधारली तरी स्नायूंची ही सवय मागे उरू शकते. दुखत असताना केलेला प्रत्येक प्रयत्न ही सवय पक्की करतो. सध्याची विश्रांती म्हणजे माघार नाही. ती उपचाराचाच भाग आहे, आणि पतींनाही ती तशीच सांगावी.

पहिला उपचार औषधाचाही नाही. योनीसाठी बनवलेले मॉइश्चरायझर आणि वंगण, म्हणजे ल्युब्रिकंट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. मॉइश्चरायझर आठवड्यातून दोनतीनदा, शरीरसंबंध असो वा नसो, नेमाने आत लावायचे असते. ते अस्तराला चिकटून ओलावा धरून ठेवते. तपासणीची वाट न पाहता तुम्ही ते आजपासून सुरू करू शकता. वंगण प्रत्यक्ष संबंधाच्या वेळी, योनिमुखाला आणि जोडीदारालाही, सढळ हाताने लावायचे असते. सुगंध, चव किंवा उष्णता देणारी उत्पादने टाळावीत. पाण्यावर आधारित वंगणे निवडताना त्यांची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, पाहावी, कारण ती फार जास्त असेल तर वंगणच पेशींतील पाणी ओढून घेते आणि आग वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेने ती शक्यतो ३८० mOsm/kg च्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत १२०० च्या वर नसावी असे सुचवले आहे. सिलिकॉनवर आधारित वंगण लवकर वाळत नाही, त्यामुळे अनेकींना ते अधिक सोयीचे वाटते. तेलाने लेटेक्सचा निरोध फाटू शकतो, हे निरोध वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आणि साबण, सुगंधी द्रव, पावडर यांनी योनी आतून धुण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला तरी पुरेसा असतो.

सौम्य त्रासात एवढ्याने भागते. तुमचे वर्णन वाचता तुम्हाला एवढे पुरेल असे वाटत नाही, म्हणून न उघडलेल्या त्या क्रीमविषयी सविस्तर लिहिते.

इस्ट्रोजेन आणि स्तनाचा कर्करोग यांविषयीची भीती मुख्यतः २००२ साली पसरली. त्या वर्षी अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा एक भाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. त्यात १६ हजारांहून अधिक स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (गर्भाशयाच्या अस्तराचे संरक्षण करणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा कृत्रिम प्रकार) यांची एकत्र गोळी किंवा निष्क्रिय गोळी दिली होती. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या दर १० हजार स्त्रियांमध्ये वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ३० रुग्ण आढळले, तर खरी गोळी घेणाऱ्यांमध्ये सुमारे ३८. ही वाढ खरी होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, औषध पोटातून घेतले जात होते व रक्तावाटे सर्व शरीरात जात होते, आणि त्यात प्रोजेस्टिनही होते. त्याच प्रकल्पात गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना फक्त इस्ट्रोजेन दिले, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. इतके सगळे तपशील बातमीत मावले नाहीत. “हार्मोन म्हणजे कर्करोग” एवढेच लोकांच्या लक्षात राहिले, आणि असंख्य स्त्रियांनी त्यानंतरची वर्षे विनाउपचार काढली. याचे मला आजही वाईट वाटते.

योनीत लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन या गोळीपेक्षा अगदी वेगळ्या प्रमाणात काम करते. उदाहरणार्थ, योनीत ठेवायची एस्ट्राडिओलची प्रचलित गोळी १० मायक्रोग्रॅमची असते. पहिले दोन आठवडे रोज एक आणि त्यानंतर आठवड्यातून दोन, असे वर्षभर घेतले तरी एकूण औषध साधारण १.१ मिलिग्रॅम भरते. तोंडाने घेण्याच्या नेहमीच्या एका गोळीत, म्हणजे एकाच दिवसात, जवळजवळ तेवढे असते. त्यातलेही फारच थोडे रक्तात जाते, आणि रक्तातील पातळी रजोनिवृत्त स्त्रीमध्ये एरवी असते त्याच मर्यादेत राहते. त्यामुळे या मात्रेसोबत गर्भाशयाच्या संरक्षणासाठी प्रोजेस्टेरॉन घ्यावे लागत नाही. त्याच अमेरिकी प्रकल्पात ४५ हजारांहून अधिक स्त्रियांचे पुढे अनेक वर्षे निरीक्षण केले गेले, तेव्हा योनीतून इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका वाढलेला आढळला नाही. मग कागदावर तो इशारा का? कारण पोटातून घेण्याच्या गोळ्यांसाठी लिहिलेला मजकूर इस्ट्रोजेनच्या प्रत्येक औषधाला सरसकट जोडण्यात आला होता. अनेक तज्ज्ञ वर्षानुवर्षे त्याला आक्षेप घेत आले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे चौकटीतील इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

तुमच्या मावशीच्या आजारामुळे तुम्हाला योनीतील कमी मात्रेचे इस्ट्रोजेन वर्ज्य ठरत नाही. स्तनांची नियमित तपासणी तुम्ही अर्थातच करत राहा. ज्या स्त्रीला स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला आहे, विशेषतः जी अॅरोमॅटेज रोधक, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन तयार होणे रोखणाऱ्या, गोळ्या घेत आहे, तिची गोष्ट वेगळी. तिने आधी औषधरहित उपाय पुरते करून पाहावेत आणि पुढचा निर्णय आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा. तिच्यासाठीही सगळे दरवाजे बंद असतात असे नाही.

क्रीमच्या बाबतीत मात्रा नीट मोजणे महत्त्वाचे असते, कारण नळीतून हवे तेवढे घेता येते आणि जास्त घेतले तर रक्तात जाण्याचे प्रमाणही वाढते. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा सोबतच्या अॅप्लिकेटरवर पाहून घ्या, रात्री झोपताना लावा, आणि थोडेसे बोटाच्या टोकावर घेऊन योनिमुखालाही लावावे का, ते विचारा. आग बहुतेक वेळा तेथेच जास्त होते आणि औषध मात्र सगळे आत खोल जाते. शरीरसंबंधाच्या तोंडावर ते वंगण म्हणून वापरू नये. पहिले काही दिवस किंचित चुरचुरणे शक्य आहे, कारण त्वचाच नाजूक झालेली असते. फरक साधारण तीनचार आठवड्यांत जाणवू लागतो, पण पूर्ण परिणामासाठी तीन महिने द्यावे लागतात, आणि बऱ्याच जणी नेमक्या पहिल्या महिन्यातच “उपयोग नाही” म्हणून ते सोडून देतात. औषध थांबवले की त्वचा हळूहळू पुन्हा पातळ होते, म्हणून हा उपचार दीर्घकाळ चालवायचा असतो. वारंवार होणारे लघवीचे संसर्गही यामुळे कमी होतात, हा तुमच्यासाठी लहान लाभ नाही.

इतर पर्यायांची माहिती असावी म्हणून सांगते. योनीत ठेवायचे प्रास्टेरॉन आणि तोंडाने घ्यायची ऑस्पेमिफीन ही दोन औषधे काही देशांत याच त्रासासाठी उपलब्ध आहेत. लेझरने योनी “पुन्हा तरुण” करण्याच्या जाहिराती तुमच्या पाहण्यात येतील. त्यांच्या मागे लागू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ सालीच भाजणे, व्रण राहणे आणि कायमची वेदना अशा दुष्परिणामांबाबत इशारा दिला होता, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत खऱ्या लेझरचा उपयोग नुसत्या दिखाव्याच्या लेझरपेक्षा जास्त झाला नाही. आणि तुमचा गरम वाफांचा त्रास पुन्हा बळावून झोप बिघडू लागली, तर गोळी किंवा त्वचेवरील पट्टीवाटे सर्व शरीरात जाणाऱ्या संप्रेरकांचा विचार स्वतंत्रपणे करता येतो. निरोगी स्त्रीने साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास त्यांचे फायदे बहुधा धोक्यांहून अधिक असतात. तो निर्णय या क्रीमच्या निर्णयात मिसळू नका.

डॉक्टरांनी योनिमुखाची त्वचा डोळ्यांनी नीट पाहणेही आवश्यक आहे. पांढरट, चुरगळल्यासारखे चट्टे आणि रात्री वाढणारी खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा वेगळा त्वचाविकार असू शकतो. त्याला तीव्र स्टेरॉइडचे मलम लागते आणि त्यावर पुढेही लक्ष ठेवावे लागते, कारण दुर्लक्ष झाल्यास क्वचित त्यातून कर्करोग उद्भवतो. आग होते म्हणजे बुरशीचा संसर्गच असणार, असे समजून दुकानातून औषध आणून पुन्हा पुन्हा लावणेही टाळावे. इस्ट्रोजेन न घेणाऱ्या रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये हा संसर्ग तुलनेने कमी आढळतो, आणि अशा औषधांनी नाजूक त्वचा आणखी चिडते.

स्नायू आवळण्याविषयी वर लिहिलेच आहे. त्वचा सुधारल्यावरही योनिमुखाशी अडथळा किंवा ताण जाणवला, तर ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची मदत घ्या. अशा वेळी कोणीतरी केगलचे व्यायाम सुचवतेच. पण केगल म्हणजे स्नायू आवळण्याचा सराव, आणि तुमचे स्नायू आधीच आवळलेले असतील तर तुम्हाला शिकायला हवे ते सैल सोडणे. खोल श्वासासोबत ओटीपोट ढिले सोडणे, स्वतःच्या वंगण लावलेल्या बोटाने योनिमुखाला हळू ताण देणे, आणि लागल्यास चढत्या आकाराचे डायलेटर, म्हणजे योनिमुख हळूहळू सैल करण्याच्या गुळगुळीत नळ्या, वापरणे, हे सगळे घरी, एकांतात, आपल्या गतीने करता येते.

आता इच्छेविषयी. पुष्कळ स्त्रिया स्वतःला एकच कसोटी लावतात: मनात आपोआप ओढ निर्माण होते की नाही. तरुणपणी आणि नव्या नात्यात ती बहुधा होते. दीर्घ सहजीवनात अनेक स्त्रियांची इच्छा वेगळ्या वाटेने येते. सुरुवातीला मन तटस्थ असते, जवळीक आणि स्पर्श सुखद असेल तर शरीर हळूहळू प्रतिसाद देते, आणि इच्छा त्या प्रतिसादामागून जागी होते. कॅनडातील डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० च्या सुमारास ही गोष्ट नेटकेपणाने मांडली आणि त्यानंतर आम्हा डॉक्टरांचा दृष्टिकोन बराच बदलला. आपोआप ओढ वाटत नाही म्हणून इच्छा संपली, असा निकाल तुम्ही स्वतःविरुद्ध देऊ नका. मात्र या वाटेवर स्पर्श सुखद असणे ही पहिली अट आहे, आणि तुमच्या बाबतीत आज तीच पुरी होत नाही. वेदना गेल्यावर किती काही परत येते ते आधी पाहू. या वयात शरीराला उत्तेजित व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, रक्तपुरवठा मंद झालेला असतो, आणि शिश्निकेला अधिक वेळ व अधिक थेट स्पर्श हवा असतो. हे पतींना माहीत असण्याचे काही कारण नाही, तुम्हीच सांगायला हवे.

इच्छा दाबून टाकणारी इतर कारणेही तपासून घ्या: अपुरी झोप, उदासी, थायरॉइडचे विकार, आणि औषधे. नैराश्यावरील काही गोळ्यांनी इच्छा आणि कामतृप्ती दोन्ही मंदावतात, तर सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी कोरडेपणा वाढू शकतो. अशा गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. वेदना पूर्ण गेल्यावर, बाकीची कारणे दूर केल्यावर, आणि तुमचे आपसातले नाते चांगले असूनही इच्छेच्या अभावाचा तुम्हाला स्वतःला त्रास होत राहिला, तर कमी मात्रेतील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करता येतो. २०१९ साली अनेक देशांतील तज्ज्ञ संस्थांनी मिळून रजोनिवृत्त स्त्रियांसाठी त्याला केवळ याच कारणापुरती मान्यता दिली आहे. “तुम्हाला स्वतःला” हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले. ज्या स्त्रीला इच्छा होत नाही आणि त्याचे काही वाटतही नाही, ती आजारी नसते, आणि इतर कोणाच्या समाधानासाठी तिने औषध घ्यावे असे मला वाटत नाही.

पतींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहून गेले आहे, आणि ते लवकर द्यायला हवे, कारण तुमच्या मौनाचा अर्थ ते स्वतःच्या मनाने लावत आहेत. हे बोलणे अंथरुणात, नकाराच्या क्षणी करू नका. दिवसा, दोघेही निवांत असताना करा. “मला तुमचा कंटाळा आलेला नाही. पाळी गेल्यापासून मला संबंधाच्या वेळी खूप दुखते, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी सांगितले नाही. आता मी उपचार घेणार आहे. तोपर्यंत मला जवळ घ्या, पण त्यापुढे जायचे नाही, असे ठरवून टाकू,” इतके म्हटले तरी पुरे. अशा ठरावाचा मोठा फायदा असा की, साध्या मिठीनेही पुढे काय होणार ही धास्ती उरत नाही, आणि तुम्हाला उशिरा झोपायला जावे लागत नाही. योनिप्रवेशाशिवायही एकमेकांना सुख देता येते. काही जोडप्यांना हे अशाच सक्तीच्या विश्रांतीत प्रथम कळते. आणि त्यांचेही वय वाढले आहे, हे विसरू नका. त्यांना ताठरतेच्या अडचणी असतील आणि ते त्या घाईने किंवा जोराने झाकत असतील, तर तुमचे दुखणे त्यानेही वाढते. पुरुषातील ही तक्रार कधीकधी हृदयविकाराची आधी मिळणारी सूचना असते, त्यामुळे त्यांनीही डॉक्टरांना दाखवणे योग्य.

उपचार मागणे बरे दिसते का, असे तुम्ही विचारले आहे. ज्यांना जोडीदारच नाही अशा स्त्रियांनाही या कोरडेपणाने बसताना, चालताना, लघवी करताना त्रास होतो, आणि त्यांनीही उपचार घ्यावेत असेच मी सांगते. मग तुम्ही संकोच कशाला करावा? शरीरसुखाची अपेक्षा करण्याला वयाची मर्यादा कोणी घातलेली नाही, आणि तुमच्यापुढे आयुष्याची कितीतरी वर्षे आहेत. डॉक्टरांकडे मात्र आडून विचारू नका. “थोडा त्रास होतो” याऐवजी “मला शरीरसंबंधाच्या वेळी योनिमुखाशी आग होते, वर्षभरात तीनदा लघवीचा संसर्ग झाला आणि एकदा रक्त दिसले” असे सरळ सांगा. तोंडाने बोलवत नसेल तर हे वाक्य कागदावर लिहून न्या आणि टेबलावर ठेवा. तपासणीच्या वेळी दुखत असेल तर लहान आकाराचे उपकरण वापरा, हळू करा, किंवा थांबा, असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पुन्हा “वयामुळे” एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरे डॉक्टर पाहा.

क्रीम सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला जा. तोपर्यंत दुखणे थांबले असेल तर सुरुवात वंगणासह आणि तुमच्या गतीने करा. प्रवेश किती आणि केव्हा, हे तुम्ही ठरवाल अशा स्थितीत, म्हणजे तुम्ही वर असताना, ते सोपे जाते. अर्ध्यावर दुखू लागले तर तेथेच थांबायचे, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा. आणि तीन महिने नेमाने औषध वापरूनही फरक पडला नसेल, तर औषधाची मात्रा आपल्या मनाने वाढवू नका. त्वचा, स्नायू आणि निदान या तिन्हींची नव्याने तपासणी करायला डॉक्टरांना सांगा.